टर्बो ब्यूइक व्ही-६ मध्ये नवीन कॅम परत परत खाल्ला जातोय? नवा मागवायच्या आधी हे बघा

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. घरी गॅरेजमध्ये इंजिन बांधलं, बोअर-होन झालं, नव्या रिंगा, नवे बेअरिंग, नवा कॅम (वॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब), नवे लिफ्टर (लोबवर बसून त्याची उचल वर पोचवणारे छोटे दंडगोल), पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाज एकदम मस्त, आणि मग काहीशे मैलांतच वरून कुठून तरी बारीक टकटक सुरू. आधी वाटतं लिफ्टर भरला नसेल, भरेल. मग एक दिवस बूस्टवर (टर्बोनं दाबून भरलेल्या हवेवर) पाय दाबला की इनटेकमधून फटफट, गाडी ओढत नाही, ऑइल फिल्टर कापून बघावा तर आत चांदीची रांगोळी. इंजिन उघडलं की एक लोब सपाट, बहुतेक वेळा एक्झॉस्टचा, आणि त्याच्या लिफ्टरचा तळ वाटीसारखा खोल गेलेला. मग कॅमवाल्याला शिव्या घालून दुसरा कॅम मागवायचा, तो बसवायचा, आणि पुढच्या सीझनला तेच.

मी इथे १९८६-८७ च्या ब्यूइक रीगल ग्रँड नॅशनल आणि टी-टाइपमधल्या ३.८ लिटर टर्बो इंजिनाबद्दल लिहितोय, एलसी२ म्हणतात ते. इकडे मिशिगनमध्ये हे इंजिन घराघरात आहे असं नाही पण प्रोजेक्ट कार म्हणून घेणारे भरपूर, आणि गाड्यांच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही हा किडा कधी ना कधी चावतोच. इथलं बरंचसं कुठल्याही फ्लॅट टॅपेटवाल्या (म्हणजे सपाट तळाच्या लिफ्टरच्या) पुशरॉड इंजिनाला, जिथे लिफ्टर काडीनं वॉल्व्ह ढकलतो, लागू पडेल, टर्बो असो नसो, पण टर्बोमुळे दोन-तीन गोष्टी जास्त वाईट होतात आणि नेमक्या त्याच लोक सोडून देतात.

थोडा इतिहास, कारण त्याचा इथे संबंध आहे. ही व्ही-६ मूळची १९६२ ची. १९६७ ला ब्यूइकनं तिची सगळी टूलिंग कैसर-जीपला विकून टाकली, काही वर्षं हे इंजिन जीपमध्ये बसत होतं, मग तेलाचं संकट आल्यावर १९७४ ला जनरल मोटर्सनं ती परत विकत घेतली. १९७८ ला टर्बो लागला, १९८४ ला प्रत्येक सिलिंडरचं वेगळं फ्युएल इंजेक्शन आणि बिनडिस्ट्रिब्युटरचं इग्निशन, १९८६ ला इंटरकूलर. पॉवर ८६ ला २३५ हॉर्सपॉवर, ८७ ला २४५, आणि शेवटी जी ५४७ जीएनएक्स निघाली तिच्यात कागदावर २७६. म्हणजे बूस्ट, इंजेक्शन, कॉम्प्युटर सगळं ऐंशीच्या दशकातलं, पण कॅम मात्र ब्लॉकच्या मधोमध, लिफ्टर सपाट, आणि लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँक फिरताना जे उडतं तेच. आपल्याकडची पद्मिनी आणि अँबॅसिडर पण पुशरॉडच होत्या की, फक्त त्यांना कोणी वीस पौंड बूस्ट दिला नाही.

आता हे चालतं कसं ते नीट डोक्यात बसवा, मग निदान सोपं जातं. सपाट लिफ्टर म्हणतात पण तो सपाट नसतो, त्याचा तळ अगदी किंचित फुगीर असतो, मधे साधारण दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उंच. आणि लोब पण सरळ घासलेला नसतो, एका बाजूला एखाद-दीड थाऊ उतरता असतो, शिवाय लिफ्टरच्या बोअरचा मध्य आणि लोबचा मध्य एका रेषेत नसतात. या तिन्हीमुळे लोब खालून घासत गेला की लिफ्टर स्वतःभोवती फिरतो. फिरला की दर वेळी नवीन जागा लोबसमोर येते, तेलाची फिल्म टिकते, दोघं लाखभर मैल जगतात. फिरायचा थांबला की एकाच रेषेवर घासत राहतो, सहाणेवर चंदन उगाळावं तसा लोब उगाळला जातो, फरक इतकाच की इथे काम काही मिनिटांत आटोपतं. तेव्हा कॅम खाल्ला गेला असेल तर पहिला प्रश्न हाच, की तो लिफ्टर फिरत का नव्हता.

पण त्याच्याही आधी खात्री करा की खरंच कॅमच आहे. या गाडीचे ओरिजनल एक्झॉस्ट हेडर तडकतात आणि तडकलेल्या हेडरचा आवाज थंड इंजिनवर हुबेहूब लिफ्टरच्या टकटकीसारखा येतो, गरम झाल्यावर फट मिटते आणि आवाज कमी होतो. लिफ्टरचा आवाज असा सहसा जात नाही. दुसरं म्हणजे या इंजिनाला नॉक सेन्सर आहे, आणि त्याला डेटोनेशन (सिलिंडरमधला पेट्रोलचा अवेळी स्फोट) आणि लोखंडाची ठोकठोक यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. स्कॅन टूल लावून बघा, बूस्ट नसताना नुसत्या हलक्या थ्रॉटलवर नॉक रिटार्ड दिसत असेल तर ते पेट्रोलचं नॉक नसून वरची खडखड असण्याची शक्यता जास्त, आणि कॉम्प्युटर टायमिंग मागे ओढतोय म्हणून गाडी मेल्यासारखी चालतेय. खूप लोक इथे फसतात, इंजेक्टर बदलतात, चिप बदलतात, टर्बो बदलतात, आणि तोपर्यंत कॅमचा चुरा सगळ्या इंजिनभर फिरून येतो.

पक्कं निदान डायल गेजनं होतं, इंजिन न उतरवता. सगळे स्पार्क प्लग काढा, एका बाजूचं रॉकर कव्हर काढा, ब्यूइकला रॉकर (पुशरॉडची ढकल वॉल्व्हवर देणारे हात) शाफ्टवर असतात तेव्हा तीन बोल्ट सोडले की अख्खा शाफ्ट वर येतो. मग पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावायचा, क्रँक पान्यानं हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि प्रत्येक लोबची उचल लिहून घ्यायची. वॉल्व्हवरची उचल याच्या १.५५ पट असते हे लक्षात ठेवा नाहीतर कॅमबरोबर येणाऱ्या मापांच्या कार्डशी आकडे जुळणार नाहीत आणि उगाच घाबराल. इनटेकची तुलना इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. पाच-सात थाऊचा फरक दिसला तरी तो लोब गेलाच समजा, कारण वरचा कडक थर एकदा फुटला की उरलेलं भराभर जातं. या इंजिनात डावीकडे १-३-५ आणि उजवीकडे २-४-६, आणि जुन्या खोडांचा अनुभव असा की तीन नंबरचा एक्झॉस्ट लोब आधी जातो, तेव्हा सुरुवात ड्रायव्हरच्या बाजूनं करा, वेळ वाचेल.

एक्झॉस्टच का, याचं उत्तर टर्बोत आहे. एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये जळलेल्या गॅसचं प्रेशर अजून शिल्लक असतं आणि त्याच्या विरुद्ध वॉल्व्ह ढकलायचा असतो. बूस्टवर हे प्रेशर जास्त, म्हणजे लोबवरचा भार पण जास्त.

आता स्प्रिंग. माझं मत विचाराल तर परत परत खाल्ल्या जाणाऱ्या कॅमांपैकी सगळ्यात जास्त इथे मरतात, आणि गंमत म्हणजे स्प्रिंग बदलणाऱ्याचा हिशोब चूक नसतो. इनटेक वॉल्व्ह १.७१ इंचाचा आहे, क्षेत्रफळ झालं साधारण २.३ चौरस इंच. वीस पीएसआय बूस्ट असेल तर वॉल्व्हच्या पाठीवर ४६ पौंडाचा धक्का बसतो आणि स्प्रिंगचं सीटवरचं प्रेशर तेवढ्यानं कमी झाल्यासारखं होतं. म्हणून माणूस जड स्प्रिंग घालतो, बरोबरच आहे. पण त्या जड स्प्रिंगचा भार रॉकरच्या १.५५ नं गुणून लोबवर येतो, वॉल्व्हवर उघड्या अवस्थेत ३०० पौंड म्हणजे लोबवर ४६५, आणि नव्या कोऱ्या कॅमची नि लिफ्टरची तोंडओळखही झालेली नसताना पहिल्या पाच मिनिटांत हा भार त्यांच्यावर पडतो. त्यात पहिल्या पाच मिनिटांत बूस्ट शून्य असतो, म्हणजे ज्या धक्क्यासाठी जड स्प्रिंग घातली तो धक्काच नाही, नुसता भार. कॅम बनवणारे सुद्धा जड स्प्रिंगवर ब्रेक-इन (नवा कॅम आणि लिफ्टर पहिल्यांदा चालवून एकमेकांवर बसवणं) करू नका असं कार्डाबरोबरच्या कागदावर छापतात, तो कागद खोक्यातच राहतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. ब्रेक-इन जुन्या नरम स्टॉक स्प्रिंगवर करायचं, बूस्ट द्यायचा नाही, आणि कॅम बसला की हेड न काढता स्प्रिंग बदलायच्या. डबल स्प्रिंग असेल तर आतली काढून ठेवली तरी भागतं. हेड न काढता बदलायची पद्धत म्हणजे तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्यायची, वॉल्व्ह हवेवर टेकून राहतो आणि वरून स्प्रिंग कॉम्प्रेसरनं लॉक काढता येतात. हवा देताना क्रँकवर पाना अडकवून ठेवू नका, पिस्टन किंचित जरी बाजूला असला तरी क्रँक फिरतो आणि पाना हात फोडतो. आणि स्प्रिंग बदलताय तर जास्त उचलीच्या कॅमला वेटोळे एकमेकांना भिडत नाहीत ना तेही बघून घ्या, पूर्ण उघड्या अवस्थेत मधे एकूण साठेक थाऊ जागा राहिली पाहिजे. वेटोळे भिडले तर लोब, पुशरॉड, रॉकर, सगळ्यात कमजोर असेल ते जातं.

दुसऱ्यांदा कॅम जाण्याचं मोठं कारण मात्र पहिला कॅम. एका लोबचं जे लोखंड गेलं ते कुठे गेलं याचा विचार करा. बारीक चुरा संपमध्ये (खालच्या तेलाच्या भांड्यात) उतरला, पिकअपच्या जाळीतून वर गेला, आणि या इंजिनात ऑइल पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये आहे, कव्हर अॅल्युमिनियमचं, गिअर थेट त्या अॅल्युमिनियमच्या खोबणीत फिरतात. तेल फिल्टरमध्ये जातं ते पंपातून गेल्यावर. म्हणजे फिल्टर कितीही भारी लावा, चुरा आधी पंपातून जाणारच, आणि जाताना कव्हरवर ओरखडे पाडणार. ओरखडे पडले की तेल गिअरच्या बाजूनं मागे गळतं, गरम आयडलला प्रेशर पडतं. मग माणूस जाड तेल घालतो. जाड तेल थंड असताना फिल्टरमधून लवकर जात नाही, बायपास वॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगला आणि टर्बोला. इकडे डिसेंबरात बिनहीटरच्या गॅरेजमध्ये गाडी चालू करणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्या.

तेव्हा कॅम गेला तर नुसता कॅम आणि लिफ्टर बदलून इंजिन बंद करणं म्हणजे पुढच्या कॅमची सोय करून ठेवणं. इंजिन पूर्ण खाली आलं पाहिजे. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) सगळे प्लग काढून आत लांब ब्रश घालायचे, गरम साबणाचं पाणी, परत ब्रश, परत पाणी, मग हवा, आणि लगेच तेल, नाहीतर अर्ध्या तासात बोअरला गंज. मशीन शॉपनं धुवून दिलंय म्हणून सोडू नका, शॉपचा हॉट टँक ग्रीस काढतो, गॅलरीच्या कोपऱ्यात अडकलेला चुरा काढेलच असं नाही, प्लग न काढता धुतलं असेल तर नाहीच. पांढरं फडकं तारेला बांधून गॅलरीतून ओढा, करडं आलं तर परत धुवा. ऑइल कूलर असेल तर तो फेकून द्या, त्याच्या बारीक नळ्यांमधून चुरा पूर्ण निघाला हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्याच्या होजही बदला. तेलाचं जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ वॉल्व्हचा पिस्टन काढून बघा, एखादी बारीक कच अडकून तो अर्धवट उघडा राहिलेला असतो आणि आपण पंपाला दोष देत बसतो.

पुढच्या कव्हरची खोबण नखानं तपासा. नखाला ओरखडा लागला तर नवीन कव्हर, त्यात काटकसर नको. गिअर आणि झाकणामधली फट प्लास्टिगेजनं किंवा फीलर गेजनं मोजायची, दोन ते सहा थाऊ चालतं असं धरतात पण बांधणारे दोन-तीनच्या आसपासच ठेवतात, आणि ती जमते गॅस्केटच्या जाडीवर, तेव्हा हाताला लागेल ती गॅस्केट घालू नका.

टर्बो. टर्बोच्या शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं, तो तेलाच्या फिल्मवर तरंगतो, आणि त्याला तेल इंजिनाच्या त्याच गॅलरीतून येतं. कॅमचा चुरा गेला असेल तर आधी टर्बोची फीड लाइन काढून आत बघा, मग शाफ्ट हातानं आत-बाहेर आणि वर-खाली हलवून बघा. वर-खाली थोडा हलणारच, तेल नसताना तो हलायलाच हवा, पण चाक हाउसिंगला घासत असेल किंवा आत-बाहेर जाणवण्याइतका खेळ असेल तर टर्बो उघडल्याशिवाय इंजिनाला लावू नका. फीड लाइनमध्ये बारीक जाळीचा फिल्टर लावायची एक फॅशन आहे, मला पसंत नाही, तो चोंदला की टर्बो उपाशी मरतो आणि मरेपर्यंत कळत नाही.

आता लिफ्टर. नव्या कॅमला सगळे बारा लिफ्टर नवेच, यात चर्चा नाही. जुन्या कॅमला त्याचेच जुने लिफ्टर ज्याच्या त्याच्या जागी घातले तर चालतात, म्हणून काढताना अंड्याच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवायचे. पण टकटक येतेय म्हणून जुन्या कॅमवर दोन नवे लिफ्टर टाकणं ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. नवे आले की दोन लिफ्टरचे तळ एकमेकांना टेकवून उजेडात धरा, फुगीर असतील तर कडेला बारीकशी फट दिसते आणि ते एकमेकांवर किंचित डुलतात. फट दिसली नाही, सपाट बसले, तर परत पाठवा, कितीही नावाजलेला डबा असला तरी. मग प्रत्येक लिफ्टर नुसत्या तेलाच्या बोटानं आपापल्या बोअरमध्ये सोडा, स्वतःच्या वजनानं खाली गेला पाहिजे आणि दोन बोटांनी फिरवला तर फिरला पाहिजे. अडखळला तर बोअरमध्ये जुना चिकटलेला वार्निश किंवा वरच्या काठावर बर आहे, बारीक स्कॉचब्राइटनं साफ करा, होन लावून बोअर मोठं करत बसू नका. मोली पेस्ट (जोडणीच्या वेळी लावायचं वंगण) फक्त लोबला आणि लिफ्टरच्या तळाला. लिफ्टरच्या बाजूला पेस्ट चोपडलेली बघितली आहे मी, तो मग फिरणार कसा.

इनटेक मॅनिफोल्ड बसवायच्या आधी व्हॅली (दोन सिलिंडर रांगांमधली जागा) उघडी असते, तेव्हा प्रत्येक लिफ्टरच्या डोक्यावर मार्करनं एक रेघ मारा, रॉकर शाफ्ट बसवा आणि क्रँक हातानं फिरवा. रेघा हळूहळू सरकताना दिसतात. एखादी रेघ जागची हलत नसेल तर तिथेच थांबा, पुढे कितीही काम बाकी असलं तरी. ही तपासणी करायला फुकट आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

प्रीलोडचा, म्हणजे लिफ्टरच्या आतला प्लंजर किती दाबला जातो याचा, विषय ब्यूइकमध्ये जरा अडचणीचा, कारण रॉकरला अॅडजस्टिंग नटच नाही. शाफ्ट टाइट केला की प्रीलोड जो आला तो आला. हेडला फेसिंग मारलं, ब्लॉकचा डेक उतरवला, गॅस्केट पातळ घेतली, नव्या कॅमचा बेस सर्कल लहान निघाला, या सगळ्याचा फरक थेट प्रीलोडमध्ये जातो. लोबच्या मागच्या बाजूला, म्हणजे वॉल्व्ह पूर्ण बंद असताना, शाफ्ट टाइट केल्यावर लिफ्टरचा प्लंजर किती खाली गेला ते मोजा. वीस ते चाळीस थाऊ असेल तर छान. साठ-सत्तरच्या वर गेलं तर पुशरॉड लांब होतोय, प्लंजर तळाला टेकला तर वॉल्व्ह पूर्ण बसणारच नाही आणि लोबला श्वास घ्यायला जागा नाही. काहीच नसेल तर टकटक येणारच. यावर उपाय म्हणजे मापाचे पुशरॉड, अॅडजस्टेबल चेकिंग पुशरॉड घेऊन लांबी काढायची आणि तेवढ्याच मागवायच्या. शाफ्टखाली वॉशर घालून जुगाड करणारे आहेत, रॉकरची भूमिती बिघडते, मी नाही सुचवणार.

तेलाबद्दल जास्त लिहीत नाही कारण यावर लोक मारामारी करतात. मुद्दा एवढाच की फ्लॅट टॅपेटला झेडडीडीपी म्हणजे जस्त-फॉस्फरसचं रसायन लागतं, आणि फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून २००४ च्या शेवटी आलेल्या एपीआय एसएमपासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलात फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएमवर आणला. आधुनिक रोलर इंजिनाला पुरतं, आपल्याला नाही. ब्रेक-इनला ब्रेक-इनचंच तेल वापरा, नंतर हजार-बाराशे पीपीएमवालं. बाटलीतलं अॅडिटिव्ह वर ओतत सुटू नका, जास्त झालं तर फायदा नाही, उलट नुकसान. आणि नुसतं तेल बदलून कॅम वाचला असं समजू नका, स्प्रिंग जड असेल आणि लिफ्टर फिरत नसेल तर झेडडीडीपीच्या हौदात बुडवलं तरी लोब जातो.

आता पहिलं स्टार्ट, जिथे राहिलेले कॅम मरतात. यात गणित असं आहे की लोबला तेल क्रँकच्या वेगानं उडून मिळतं, स्टार्टरच्या वेगाला जवळपास काहीच मिळत नाही, नुसती पेस्ट पुसली जाते. म्हणजे गाडी पहिल्या एक-दोन फेऱ्यांत चालू झाली पाहिजे. दहा-दहा सेकंद किर्रकिर्र करत राहिलात तर कॅमचं आयुष्य तिथेच खर्च केलं. आणि ही गाडी क्रँक होऊनही चालू न होण्याचं नेहमीचं कारण कॅम सेन्सर.

झालंय असं की या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या जागी कॅम सेन्सर बसतो आणि त्याच्याच शाफ्टवर खालचा ऑइल पंप फिरतो. तेल आधी पंप करायचं तर कॅम सेन्सर काढावाच लागतो. मग पंप गिअर व्हॅसलीननं भरायचे, कारण कोरडा पंप तेल ओढत नाही, ग्रीस घालू नका, ग्रीस विरघळत नाही. सेन्सर काढायच्या आधी क्रँक हातानं फिरवून त्याची चकती कुठल्या बाजूला फिरते ते बघून ठेवा, ड्रिल त्याच दिशेला. ड्रिल दमदार घ्या, प्रेशर आलं की ते हातात वळायला लागतं, तीच खूण. मेकॅनिकल गेज लावून ठेवा, टर्बोची फीड लाइन टर्बोपाशी सोडून डब्यात तेल येताना बघा मग जोडा, आणि कोणाला तरी क्रँक पाव-पाव फेरा फिरवायला लावा म्हणजे सगळीकडे तेल पोचतं. रॉकरपाशी तेल आलेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय ड्रिल ठेवू नका.

मग कॅम सेन्सर परत. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरला, तिथून क्रँक पुढे २५ अंश, आणि तिथे सेन्सरचा सिग्नल बदलला पाहिजे. बॅलन्सरवर अंश छापलेले नसतील तर टेपनं परीघ मोजा, ३६० नं भागा, २५ नं गुणा, स्टॉक बॅलन्सरवर दीड इंचाच्या किंचित आत येतं, तिथे खूण करा. अंदाजे बसवू नका. आणखी एक, हे इंजिन एकदा चालू झालं की कॅम सेन्सर काढला तरी चालू राहतं, पण बंद केल्यावर परत चालू होत नाही, त्यामुळे "मघाशी तर चालत होती" या वाक्यावर विश्वास ठेवून बाकीच्या वायरी उपटू नका. फ्युएल पंप आधीच जंप करून रेलमध्ये प्रेशर आणा, गळती बघा, कूलंट भरा, बॅटरी फुल्ल चार्ज, सगळं झालं की मग किल्ली.

चालू झाली की आयडलला बसू द्यायची नाही. लगेच २००० ते २५०० आरपीएम, आणि एका आकड्यावर नाही, वर-खाली करत वीस ते तीस मिनिटं. हेडर लाल दिसतील, टर्बोचं हाउसिंग पण, म्हणून समोर मोठा पंखा, शटर पूर्ण उघडं, शक्यतो गाडी बाहेर ढकलूनच करा कारण कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. काही गळालं, टेम्परेचर चढलं, तर बंद करा, दुरुस्त करा, आणि परत चालू केल्यावर थेट २००० वर. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

रोलर कॅम लावून टाकावा का, हा प्रश्न येतोच. पैसे असतील आणि बूस्ट वीसच्या पुढे न्यायचा असेल तर लावा, जड स्प्रिंगची भीती राहत नाही. पण त्याला वेगळ्या लांबीचे पुशरॉड लागतात, आणि रोलरच्या लोबला तो उतार नसतो त्यामुळे कॅम मागे दाबून राहत नाही, पुढच्या कव्हरकडे सरकतो, म्हणून पुढे बटण लावून त्याची फट मोजून सेट करावी लागते. आणि मुख्य म्हणजे आधीच्या कॅमचा चुरा ब्लॉकमध्ये तसाच ठेवून रोलर लावलात तर त्या चाकांमधल्या सुया आधी जातील, आणि सुया पंपात गेल्या की काय होतं ते लिहायला नको. स्टॉकच्या आसपास, चौदा-पंधरा पौंडावर रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर फ्लॅट टॅपेटमध्ये काही वाईट नाही, माझ्या मते.

ब्रेक-इन झालं की तेल गरम असतानाच काढा, फिल्टर कटरनं कापा, करवतीनं नको, करवतीचाच चुरा आत पडतो. कागद पिळून पांढऱ्या कपड्यावर पसरा आणि लोहचुंबक फिरवा. करडी पेस्टसारखी झाक येणार, ती मोलीची, आणि बारीक धूळ थोडी येतेच. चुंबकाला काटेरी कण, चमकत्या पापुद्र्या लागल्या तर स्प्रिंग बदलायची घाई करू नका, रॉकर शाफ्ट काढून बाराही लोब परत डायल गेजवर घ्या. साफ निघालं तर नवीन तेल, नवीन फिल्टर, पाचशे मैल बूस्टशिवाय, परत फिल्टर कापा, परत लोब मोजा आणि पहिल्या आकड्यांशी ताडून बघा. जुळले की मग जड स्प्रिंग घाला, आणि त्यानंतर वेस्टगेटला (बूस्ट किती ते ठरवणाऱ्या झडपेला) हात लावा.